मैला, सोनखत आणि मधली दोन वर्षे

एकाच पदार्थाला मराठीने दोन नावे ठेवली आहेत. ताजा असतो तोवर तो ‘मैला’. मातीत मुरून, काळा-भुसभुशीत होऊन शेताच्या बांधावर येतो तेव्हा तोच ‘सोनखत’. पहिल्या नावात मळ आहे आणि दुसऱ्यात सोने. या दोन नावांच्या मधल्या काळात काय घडते, ते कोणाच्या हातून घडते, याविषयी मात्र आपली भाषा फारसे बोलत नाही. तिचा सारा कल दूर जाण्याकडे. ‘बहिर्दिशेला जाणे’, ‘परसाकडे जाणे’, ‘बाहेर जाऊन येणे’ हे सगळे शब्दप्रयोग क्रियेचे नाव टाळून केवळ दिशा सांगतात. ‘शौच’ हा शब्द तर मुळात शुद्धतेचा. पतंजलीने सांगितलेल्या पाच नियमांतला तो पहिला. त्या शब्दाचा आजचा व्यवहारातला अर्थ पाहिला, तर नको असलेली गोष्ट झाकण्यासाठी समाज आपल्याकडील किती मोलाचे वस्त्र काढून देतो, हे कळते.

या लेखाचा विषय संडासाची देखभाल हा आहे. रूपक म्हणून नव्हे, तर अगदी शब्दशः: त्याचा वास का येतो, तो तुंबतो का, त्याचे खड्डे केव्हा बदलावेत आणि भरलेला खड्डा कोणी उपसावा. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय ठेवताना आम्हाला संकोच वाटत नाही. कारण ज्या प्रश्नाशी आम्ही अखेरीस पोहोचलो तो प्रश्न कादंबरीनेही विचारला आहे आणि आमच्या मते तिने दिलेले उत्तर अपुरे आहे. पण तेथवर जाण्यापूर्वी खड्ड्यापाशी थांबले पाहिजे.

आम्ही दोघे, पतिपत्नी, २०१६ पासून शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरात भाड्याने राहतो. दोघांचाही व्यवसाय शिकवण्याचा. एकाला रोज शहापूरच्या दिशेने जावे लागते, दुसऱ्याला सरळगाववरून मुरबाडला. घरामागे केळीचे बेट आहे आणि त्यापलीकडे संडास. त्याला दोन खड्डे आहेत. सरकारी भाषेत याला ‘दोन शोषखड्ड्यांचे शौचालय’ म्हणतात. आमच्या मते विसाव्या शतकात भारतीय खेड्याच्या वाट्याला आलेल्या अत्यंत बुद्धिमान वस्तूंपैकी ही एक आहे. मात्र तिची बुद्धिमत्ता जमिनीखाली असल्यामुळे ती कोणाला दिसत नाही.

रचना साधी आहे. भांड्याचा उतार तीव्र असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होते. भांड्याखाली वाकडी नळी असते व तिच्या बाकात सुमारे २० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते. खालचा वायू आणि किडे वर येऊ नयेत यासाठी एवढाच अडसर पुरतो. नळीच्या बाकात पाणी अडकवून दुर्गंधी थोपवण्याची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये पेटंट करून घेतली. घड्याळे करणाऱ्या माणसाला ती सुचावी यात एक औचित्य आहे, कारण पुढे सगळा खेळ काळाचाच आहे. नळी एका छोट्या चेंबरमध्ये येते व तेथून तिला दोन फाटे फुटतात. प्रत्येक फाटा एका खड्ड्यात जातो. खड्ड्याच्या भिंती जाळीदार वीटकामाच्या, तळ उघड्या मातीचा. पाणी आणि वायू मातीत जिरतात, घन भाग खाली राहतो. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, दुसऱ्या फाट्याचे तोंड विटेने व मातीने बुजवायचे. पाच-सहा माणसांच्या घरात मीटरभर रुंदीचा आणि तेवढ्याच खोलीचा खड्डा साधारण तीन वर्षांत भरतो. मग तोंड बदलायचे. भरलेल्या खड्ड्याला दीड-दोन वर्षे कोणीही हात लावायचा नाही. त्या अवधीत रोगजंतू मरतात. जंताची अंडी सर्वांत चिवट, त्यांच्यासाठी पूर्ण दोन वर्षे थांबणे बरे. त्यानंतर झाकण उघडावे, तर आत मैला नसतो, माती असते.

म्हणजे या यंत्रात फिरणारा एकही भाग नाही. देखभालीतला सर्वांत मोठा भाग वाट पाहणे हा आहे. उरलेला भाग काय आहे, ते आता सांगतो.

घर घेतले त्या पहिल्याच पावसाळ्यात संडास तुंबू लागला. दोन बादल्या ओतल्या तरी पाणी भांड्यात तसेच उभे राही, आणि तासाभराने हळूहळू खाली जाई. अशा वेळी सर्वसाधारण समज असा की नळीत काही अडकले आहे. म्हणून प्रथम बांबूची चिरलेली, लवचीक कांब भांड्यातून आत सरकवून पाहावी. नंतर चेंबरचे झाकण काढून तेथून उलट्या दिशेने. तीक्ष्ण लोखंडी सळई घालू नये, बाक फुटतो. आमच्या बाबतीत नळी मोकळी निघाली. चेंबर उघडल्यावर खरे कारण दिसले: दोन्ही फाट्यांची तोंडे उघडी होती. गवंड्याने बांधताना एकही बुजवले नव्हते, त्यामुळे दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत आले होते आणि विश्रांती कोणालाच नव्हती. त्यात पावसाची भर. या दोन तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लावणीच्या दिवसांत खाचरे तुडुंब असतात, मुरमाखाली काळा कातळ असतो, आणि जमिनीतले पाणी इतके वर येते की खड्डा बाहेर पाणी सोडण्याऐवजी ते आत घेऊ लागतो. शोषखड्ड्याने शोषायचे सोडून स्वतःच विहीर व्हावे, अशी ती अवस्था.

उपाय दोन होते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात आम्ही एक तोंड बुजवले. दोन्ही खड्ड्यांच्या कडा विटांनी वीतभर उंच केल्या, भोवती मातीचा भराव घालून तो चोपला, आणि पागोळ्यांचे पाणी तिकडे जाऊ नये म्हणून चर काढला. जेथे पाणी याहून वर येते तेथे खड्डे उथळ व रुंद घ्यावेत आणि जोते उंच करावे, म्हणजे तळ पाण्याच्या वर राहतो. विहीर जवळ असेल, तर अंतर राखणे ही पहिली अट: साध्या मातीत दहा-पंधरा मीटर, आणि भेगाळलेल्या कातळात त्याहून पुष्कळ अधिक, कारण कातळाच्या भेगेतून पाणी गाळले न जाता तसेच पुढे जाते.

दुसरी तक्रार वासाची. वास येत असेल तर बहुधा बाकातले पाणी आटलेले असते. घर महिनाभर बंद राहिले की हे होतेच. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. अनेक घरी खड्ड्याला उंच वायुनळी लावलेली दिसते. सेप्टिक टँकला ती लागते; शोषखड्ड्याला तिची गरज नाही, कारण वायू मातीत जिरतो. नळी लावली, तर जो वास मातीने गिळला असता तो घरावर पसरतो आणि डासांना वाट मिळते. आमच्या संडासाची नळी आम्ही काढून टाकली व भोक बुजवले, तेव्हा शेजारच्या लोकांना तो खर्चिक वस्तूचा अपमान वाटला. तिसरी गोष्ट ॲसिडची. भांडे पांढरे दिसावे म्हणून ॲसिड वा फिनेल ओतणे म्हणजे खड्ड्यात काम करणाऱ्या जिवाणूंना मारणे. लांब दांड्याचा ब्रश आणि चिमूटभर साबणपूड पुरते. प्लास्टिक, गुटख्याची पुडी, कापडी घडी यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नये. बस्स. देखभालीचे शास्त्र एवढेच.

समुद्रावर याच गोष्टीचे दुसरे रूप आढळते. शिडाच्या छोट्या बोटींवर हातपंपाचा संडास असतो. दांडा वरखाली केला की एका झडपेतून समुद्राचे पाणी भांड्यात येते आणि दुसरीतून घाण बाहेर जाते. एक रबरी झडप बाहेर गेलेले परत येऊ देत नाही. हे रबर कालांतराने कडक होते, नळीत क्षार साचतात, दट्ट्याचे वॉशर झिजते. म्हणून बोट बाळगणारा माणूस या सर्वांचा सुटा संच जवळ ठेवतो आणि वापर झाला की बाहेरची झडप आठवणीने बंद करतो. तोंडे कोणत्या क्रमाने उघडावीत व मिटावीत याला तेथे किती महत्त्व आहे, ते १४ एप्रिल १९४५ रोजी दिसले. यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ शौचकुपाच्या बिघाडातून समुद्राचे पाणी आत शिरल्याने गमवावी लागली. बोटीवर चुकीचे तोंड उघडे राहिले की त्याची किंमत बोटीतल्या सगळ्यांना, अधिकाऱ्यालाही, मोजावी लागते. म्हणून तेथे ज्ञान सर्वांना दिले जाते. आमच्या तालुक्यात चुकीच्या तोंडाची किंमत पुष्कळ उशिरा आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. म्हणून ते ज्ञान कोणी मागत नाही.

याला पुरावा हापशाचा. गावातला हापसा बिघडला की चार पोरे भोवती जमतात. चामडी वॉशर झिजले की साखळी निसटली यावर वाद होतो, आणि कोणीतरी पाना घेऊन येतो. हापशातही दट्ट्या आहे, झडप आहे, वॉशर आहे. ते यंत्र लोकांना आपले वाटते. संडास बिघडला तर मात्र दार लोटून घेतले जाते. द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही एकदा आपल्या घराचे वर्णन लिहावयास सांगितले होते. एका मुलीने लिहिले की त्यांच्या संडासात पावसाळ्यात सरपण ठेवतात, कारण घरात कोरडी जागा तेवढीच आहे. आणि उन्हाळ्यात त्याला कुलूप असते, कारण पाणी नाही. त्या दोन वाक्यांना व्याकरणाच्या दृष्टीने काही दोष नव्हता, म्हणून आम्ही लाल शाईचे पेन खाली ठेवले.

पाण्याचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसाचे पाणी मुंबईला १८९२ पासून जाते, आणि आज मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसेचे असते. त्याच तालुक्यातल्या वाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईतली जुन्या पद्धतीची टाकी एकदा साखळी ओढली की दहा लिटर पाणी सोडते. येथल्या भांड्याला दोन लिटर लागते, पण ते दोन लिटर बाईच्या डोक्यावरून येते. पाच माणसांच्या घराला दिवसाला एक पूर्ण हंडा केवळ यासाठी वाहायचा, तर उंबरठ्यापर्यंत आलेली सोय हंडाभर ओझ्याच्या रूपाने पुन्हा बाईच्याच डोक्यावर चढते. कपडे खळबळलेले पाणी, भाताच्या भांड्यांचे धुवण एका बादलीत साठवून ते संडासाला वापरण्याची रीत आम्ही शेजाऱ्यांकडूनच शिकलो. तीव्र उताराच्या भांड्याचा आग्रह यासाठीच धरावा. शहरी दुकानातून आणलेले सपाट, चकचकीत भांडे पाहुण्यांना आवडते. प्रत्येक वेळी ते दुप्पट पाणी मागते.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९९९ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान सुरू झाले. महाराष्ट्रात २००० मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आले, आणि गावे एकमेकांशी स्पर्धा करू लागली. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाने प्रत्येक पात्र घराला १२,००० रुपये देऊ केले. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात एका खड्ड्याच्या संडासाला दुसरा खड्डा जोडण्याचीही तरतूद आहे. पण ‘मुक्त’ हा शब्द बांधकामाच्या शेवटी येतो, आणि खड्ड्याचे आयुष्य तेथून सुरू होते. बांधलेल्या संडासांची संख्या मोजता येते. कोणत्या वर्षी कोणते तोंड बदलले, याचा तक्ता आम्ही या भागात कोठेही भिंतीवर लावलेला पाहिला नाही.

शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर हल्ली जी नवी घरे उठत आहेत त्यांच्या मालकांना आम्ही कुतूहलाने विचारत असतो: खड्डा किती खोल? उत्तर अभिमानाचे असते. दहा फूट, बारा फूट. चारही बाजूंनी सिमेंट. ‘पन्नास वर्षं बघायला नको.’ या शेवटच्या शब्दांत आमच्या मते सगळे आले. खोल खड्डा तांत्रिक दृष्ट्या वाईट आहे, कारण तो भूजलाच्या जवळ जातो. सिमेंटने बंद केलेला खड्डा शोषत नाही, त्यामुळे तो लवकर भरतो आणि त्याचे पाणी गटारात सोडावे लागते. तरीही तो बांधला जातो, कारण त्यामागची इच्छा तांत्रिक नसतेच. आपल्या हयातीत तो उघडावा लागू नये, हीच ती इच्छा. पुढे कधीतरी तो उघडेल तेव्हा कोणीतरी दुसरा माणूस येईल.

आणि तो दुसरा माणूस येतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा कायदा १९९३ मध्ये झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हाही गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत.

येथे आम्हाला मुल्कराज आनंद यांची १९३५ ची ‘अनटचेबल’ ही कादंबरी आठवते. भंगी जातीत जन्मलेल्या बाखा या तरुणाचा एक दिवस तिच्यात आहे. दिवसाच्या अखेरीस त्याच्यासमोर तीन उत्तरे येतात: एका मिशनऱ्याचे, गांधींचे, आणि एका आधुनिक विचाराच्या कवीचे. कवी म्हणतो, की घाण हाताने न उचलता वाहून नेणारे यंत्र आले की हा पेशाच संपेल, आणि पेशाबरोबर कलंकही. वर्गात ही कादंबरी शिकवताना विद्यार्थ्यांना हेच उत्तर सर्वांत पटते. आम्हालाही विद्यार्थिदशेत ते पटले होते. त्यात पुष्कळ सत्य आहे. पण यंत्र तुंबते, ही गोष्ट कवीच्या भाषणात नाही. फ्लश आला, नळ्या आल्या, टाक्या आल्या. आणि त्या टाक्यांत उतरणारे लोक बाखाच्याच आडनावांचे राहिले. यंत्राने रोजचे काम नाहीसे केले आणि दुरुस्तीचे काम शिल्लक ठेवले. पूर्वी घाण डोक्यावरून दिवसाढवळ्या जात होती. आता वर्षानुवर्षे दृष्टीआड राहून एका दिवशी ती एखाद्याचा जीव मागते.

याच प्रश्नाला कोकणातल्या एका माणसाने वेगळ्या टोकाने हात घातला होता. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पा पटवर्धन, हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ते नोकरी सोडून गांधींच्या कामात शिरले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडास साफ करण्याचे काम मागितले. तुरुंगाच्या नियमांत ते सवर्ण कैद्याला देण्याची सोय नव्हती. ते काम ‘त्यांच्याच’ लोकांचे. अप्पांनी त्यासाठी अन्नत्याग आरंभला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो सुटला. उपवास हा सामान्यतः काही मिळवण्यासाठी असतो. येथे एक ब्राह्मण प्राध्यापक घाण काढण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सोनखत देणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. त्याच वाटेने देहूचे डॉ. सुहास मापुस्कर गेले; दवाखान्यात येणारे रोगी कोठून येतात याचा शोध घेत ते संडासापर्यंत पोहोचले, मैल्यापासून गॅस मिळवणारे संडास त्यांनी बांधले, आणि मरणोत्तर, २०१७ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हाला असे वाटते, की कवीचे यंत्र आणि अप्पांचा हात या दोहोंच्या मध्ये दोन खड्ड्यांचा संडास उभा आहे. तो हातावाचून चालतो असे तो म्हणत नाही. पण हात लागण्याआधी तो काळाला काम करू देतो. दोन वर्षे थांबा, एवढीच त्याची अट. ती पाळली, तर जे उपसायचे ते कोणाच्याही हाताने उपसता येण्याजोगे झालेले असते, आणि ‘हे काम कोणाचे’ या प्रश्नातला विखार काढून घेतलेला असतो. निदान तत्त्वतः तरी.

प्रत्यक्षात काय झाले ते सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही तोंड बदलले. टाळेबंदीची दोन्ही वर्षे पहिला खड्डा बंद राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो उघडायचे ठरले. घरमालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते म्हणाले, “सर, तुमी कशाला हात लावता? वाडीवरच्या मानसाला सांगतो. दोनशे रुपये घेईल नि करून देईल.” आम्ही नको म्हटले, तरी निरोप गेला होताच. ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतले एक गृहस्थ सकाळी फावडे घेऊन आले. भातकापणीला ते काकांकडे असतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते केळीच्या बेटाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या आज्यानं पन हे काम केलं नाय.” ते खरेच होते. खैराच्या लाकडापासून पूर्वी कात काढणारी ही जमात. मैला उचलणे तिच्या वाट्याला परंपरेनेही कधी नव्हते. शिवाय त्यांच्या स्वतःच्या घराला संडास नव्हता. ज्या खड्ड्याचा त्यांनी कधी वापर केला नाही तो त्यांनी उपसावा, असे गावाने एका निरोपात ठरवून टाकले होते. जुनी रूढी मोडली आहे असे आपण समजत असतो, आणि ती नव्या माणसाच्या दाराशी सहज जाऊन उभी राहते.

आम्ही त्यांना बसायला सांगितले आणि झाकण सरकवले. या क्षणी आमचे हात थबकले, हे लिहिलेच पाहिजे. सूत्रे आणि वर्षे सगळी पाठ असूनही थबकले. आत काळी, कोरडी, भुसभुशीत माती होती. वास होता तो पहिल्या पावसानंतरच्या अंगणाचा. हातमोजे घालून आम्ही दोघांनी ती घमेल्यांनी बाहेर काढली, दुपार झाली. नंतर साबणाने हात धुतले, हेही नियमातच आहे. दादा जवळ आले, त्यांनी चिमूट उचलून बोटांत चुरली आणि विचारले, “हिचं काय करनार?” केळीला घालू म्हटल्यावर त्यांनी दोन गोण्या मागितल्या, त्यांच्या दाराशी भोपळ्याचा वेल होता. काकांनी तो दिवस ओसरीवर बसून काढला. काकांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी, यांनी पुढे वर्षभर त्या बेटातले केळे तोंडात घातले नाही. घडातली केळी त्या इतरांना वाटत, आणि आम्ही देऊ केले की ‘उपास आहे’ म्हणत.

यातून काही बदलले का? आमच्या ओळखीच्या तीन घरांनी चेंबर उघडून आपापली तोंडे तपासली. दोन घरांत दोन्ही उघडी सापडली आणि एका घरात चेंबरच नव्हता, नळी थेट एका खड्ड्यात गेलेली होती. मुरबाडच्या बाजूला धसईकडे आमचे एक सहकारी राहतात, त्यांनी जुन्या खड्ड्याला दुसरा जोडून घेतला. तेवढेच. २०२५ मध्ये आमचा दुसरा खड्डा उघडला, तेव्हा घमेले उचलायला काका स्वतः आले. त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावून पहिले घमेले उचलले, मग सोगा सोडला. आजी ओसरीतून पाहत होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत.

दादांच्या घरालाही मधल्या काळात संडास मिळाला. त्याचे दोन खड्डे आहेत, आणि बांधून झाला त्या दिवशी चेंबरचे झाकण त्यांनी स्वतः उचलून पाहिले: एक तोंड बुजवलेले होते. पाणी मात्र अजून ओढ्यावरूनच येते.

आमची दोघांची निवृत्ती आता फार दूर नाही, आणि घर दुसऱ्या कोणाला तरी भाड्याने जाईल. म्हणून चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आम्ही ऑइलपेंटने तारखा लिहून ठेवल्या आहेत: कोणते तोंड केव्हा बुजवले, कोणता खड्डा केव्हा उघडला. त्याखाली एक ओळ आहे: ‘दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय उघडू नये. नंतर स्वतः उघडावे.’ दुसरे वाक्य लिहावे की नाही यावर आमच्या दोघांत बराच वेळ चर्चा झाली. भाडेकरूला घरमालकाच्या दारी अशी आज्ञा लिहिण्याचा अधिकार काय, असा एक मुद्दा होता. शेवटी काकांना विचारले. ते म्हणाले, राहू द्या.